संगणक रीसेट करण्यापूर्वीचा बॅकअप: या चुका टाळा

विंडोज वारंवार अडकू लागले किंवा निळा पडदा दिसू लागला, की 'एकदा रीसेट मारा', म्हणजे विंडोज पुन्हा नव्याने बसवा, असा सल्ला मिळतो. तो बहुधा योग्यही असतो. पण एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिप असलेली डिस्क) असलेल्या संगणकात रीसेटने पुसलेल्या फाइली परत मिळण्याची आशा जवळजवळ नसते, म्हणून आधीच्या तासाभरात घाई करू नये.

सर्रास होणारी चूक म्हणजे फाइली सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर हलवून निर्धास्त होणे. अनेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात, त्यामुळे डिस्क गेली की दोन्ही जातात. शिवाय रीसेटमधील 'रिमूव्ह एव्हरीथिंग' (सगळे पुसा) निवडताना सर्व ड्राइव्ह पुसण्याचा पर्याय चुकून निवडला गेला, तर डीमधलेही काही उरत नाही. बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवरच घ्यावा, आणि 'कट' न करता 'कॉपी' करावा. पेन ड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही. लग्नाचे व्हिडिओ नेमके इथेच अडतात. अशा वेळी पेन ड्राइव्ह रिकामा करून मोठ्या फाइली चालणाऱ्या एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावा.

रीसेटच्या 'कीप माय फाइल्स' (माझ्या फाइली ठेवा) या पर्यायावरही पूर्ण विसंबू नये. त्यात वैयक्तिक फाइली राहतात, पण स्वतः बसवलेले प्रोग्रॅम निघून जातात आणि त्यांच्यासोबत काय जाईल, हे आपल्या सहज लक्षात येत नाही. माझ्या ओळखीच्या एका डीटीपी व्यावसायिकाने वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका आणि अहवाल काळजीपूर्वक कॉपी केले होते. रीसेटनंतर पहिली पत्रिका उघडली, तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग होती. फाइल शाबूत होती. युनिकोडपूर्व, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणारा जुना फॉन्ट मात्र विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्येच राहून पुसला गेला होता आणि त्याची सीडी केव्हाच हरवली होती. कृतिदेव, शिवाजी यांसारखे फॉन्ट वापरणाऱ्यांनी ते आधी वेगळे काढून ठेवावेत. आउटलुकचे ईमेल साठवणारी पीएसटी फाइल आणि टॅलीचा डेटा फोल्डर यांची जागाही त्या त्या प्रोग्रॅममध्ये पाहून घ्यावी. डेस्कटॉपवरचे बाण असलेले चिन्ह हा फक्त शॉर्टकट असतो. तो कॉपी केल्याने मूळ फाइल येत नाही. वनड्राइव्हमध्ये (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) ढगाचे चिन्ह असलेली फाइलही संगणकावर नसते, ती आधी डाउनलोड करावी लागते.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारी विंडोजची सोय) चालवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. त्या तपासणीने आधीच दुबळ्या झालेल्या डिस्कवर ताण येतो आणि दुरुस्तीच्या ओघात फाइलींच्या नोंदीही बदलू शकतात. संगणक बंद करावा आणि फाइली मोलाच्या असतील तर डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे डिस्क द्यावी.

विंडोज सुरूच होत नसेल, पण डिस्क ठीक असेल, तर रिकव्हरीच्या पडद्यावरून कमांड प्रॉम्प्ट उघडून तिथे 'नोटपॅड' हा शब्द इंग्रजीत टाइप करावा. नोटपॅडच्या 'फाइल' मेनूतील 'ओपन'मध्ये 'ऑल फाइल्स' निवडले, की आपले फोल्डर दिसतात आणि राइट क्लिक करून ते बाहेरच्या डिस्कवर कॉपी करता येतात. तिथे ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात, म्हणून फोल्डरची नावे पाहूनच खात्री करावी. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की विचारली जाते. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असते. ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडू शकते. सापडली की कागदावर उतरवून ठेवावी.

शेवटी बाहेरची डिस्क 'सेफली रिमूव्ह' करून दुसऱ्या संगणकाला जोडावी, दोन्हीकडच्या फोल्डरमधील फाइलींची संख्या जुळवावी, आणि प्रत्येक फोल्डरमधले दोन-चार फोटो, एखादा व्हिडिओ व एखादे पत्रक खरोखर उघडून पाहावे. ते उघडेपर्यंत रीसेटच्या बटणाला हात लावू नये.