काळी भेगाळायच्या आत: खान्देशात दसऱ्यानंतरची लागवड

झाडं लावायची ती जून-जुलैतच, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण जळगाव-धुळ्याच्या भारी काळ्या जमिनीत भर पावसात लावलेल्या झुडपाच्या मुळाशी पाणी तुंबतं आणि ते सडतं. दसरा-दिवाळीच्या दरम्यान लावलं तर मुळांना हिवाळ्याचे तीन-चार महिने मिळतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे निघाला तरी झाड तग धरतं. फक्त पाणी हाताशी हवं. ते नसेल तर जूनच बरा.

आधी वाफसा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी बेताची ओल, बघा. मूठभर माती दाबा. चिकट गोळा झाला तर थांबा, भुरभुरली तर कुदळ घ्या. दीड फुटाचा चौरस खड्डा पुरे. ओलसर काळीत कुदळीने खड्ड्याच्या कडा घोटल्यासारख्या होतात, मग मुळं आतल्या आत गोल फिरत बसतात. कडा खरवडून घ्या. मातीत तिसरा हिस्सा कुजलेलं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड. कच्चं शेण म्हणजे उधईला, म्हणजे वाळवीला, आवतण.

कुंपणाला अडुळसा लावा. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, आपल्याकडे याहून मोठा गुण कोणता! पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी घ्या. दोन डोळे (जिथून कोंब फुटतात ते सांधे) मातीत, दोन वर. निरगुडीही अशीच फांदीने लागते. पिवळी कोरांटी याच सुमारास फुलू लागते, फूल बघून रोप निवडता येतं. आपटा लावायचा तर नीट ओळखून घ्या. दसऱ्याला सोनं म्हणून विकतात ती पानं पुष्कळदा कांचनाची असतात. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंद.

लावणी संध्याकाळी करा, ऑक्टोबरचं ऊन कोवळ्या रोपाला झेपत नाही. पहिला आठवडा दिवसाआड पाणी, पुढे आठवड्यातून एकदाच, पण सावकाश बादलीभर.

खरी लढाई भेगांशी. काळी फाटली की ओल उडते, कोवळी मुळं तुटतात. केळीची वाळलेली पानं चार बोटं जाड पसरा, खोडाभोवती थोडी जागा मोकळी सोडून. तरीही भेग दिसली तर खुरप्याने माती मोडून ती बुजवा. जानेवारीनंतर हे काम दर पंधरवड्याला काढावंच लागतं.