गड्ड्याची गर्दी येण्याआधी स्टॉकचा प्रोग्रॅम तपासून घ्या

संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा भरते, होम मैदानावर गड्डा लागतो आणि सोलापुरातल्या चादरी-टॉवेलच्या दुकानांत एकाच वेळी तीन-चार काउंटरवर बिलं फाडली जातात. दुकानाचा स्टॉक सांभाळणारा प्रोग्रॅम पायथॉनमध्ये असेल आणि तो अनेक थ्रेडवर (एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांवर) चालत असेल, तर पुढची कामं डिसेंबरातच उरकून घ्या.

लगेच लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) घालायला धावू नका. आधी प्रत्येक व्हेरिएबल कोणाकोणाला दिसतं, ते कागदावर मांडा. फंक्शनच्या आत तयार झालेलं लोकल व्हेरिएबल प्रत्येक कॉलला नवं मिळतं, त्यामुळे बिलाची बेरीज, सवलत, जीएसटी तिथे असेल तर निश्चिंत राहा. मात्र लोकल असतं ते नुसतं नाव. त्यामागची लिस्ट बाहेरून आली असेल तर ती सगळ्यांची सामाईक. डिफॉल्ट आर्ग्युमेंट म्हणून दिलेली रिकामी लिस्टही तशीच, कारण ती फंक्शन डिफाइन होताना एकदाच बनते. थेट क्लासवर लिहिलेली डिक्शनरीही याच कागदावर टिपून ठेवा.

मग सगळ्या फाइलींत 'ग्लोबल' (फंक्शनबाहेरचं सामाईक व्हेरिएबल वापरायला सांगणारा शब्द) शोधा आणि सर्वांत जास्त वेळ इथेच द्या. फंक्शनमध्ये एखाद्या नावाला व्हॅल्यू दिली की पायथॉन ते नाव लोकल धरतं, म्हणून 'शिल्लक -= १' वर अनबाउंडलोकलएरर (व्हॅल्यू मिळण्याआधीच लोकल नाव वाचल्याचा एरर) येतो. घाईत कोणीतरी वर 'ग्लोबल' लिहितं, एरर जातो आणि तो आकडा सगळ्या थ्रेडच्या हाती पडतो. ती ओळ दिसते एकच, पण आत वाचणं, वजा करणं आणि परत लिहिणं अशा वेगवेगळ्या पायऱ्या असतात. जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉनचा कोड चालवू देणारं आतलं कुलूप) आहे म्हणजे सगळं सुरक्षित, ही समजूत सोडा. जीआयएल इंटरप्रिटरला सांभाळतो, दुकानाचा हिशोब तुम्हालाच सांभाळावा लागतो. शिवाय २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ पासून जीआयएलविना चालणारा प्रायोगिक बिल्डही मिळू लागला.

ग्लोबल काढता येतील तितके काढा. जे उरतील त्यांच्यासाठी लॉक. चादर शिल्लक आहे का ही तपासणी आणि वजाबाकी, दोन्ही लॉक धरणाऱ्या एकाच 'विथ' ब्लॉकमध्ये हवीत. नुसती वजाबाकी आत ठेवली तर शेवटची चादर दोन गिऱ्हाइकांना विकली जाते. बिल प्रिंटरला पाठवणं लॉकच्या बाहेर ठेवा, नाहीतर बाकीचे काउंटर उगाच ताटकळतात. आणि लॉक फंक्शनच्या आत बनवलेलं नाही ना, हे जरूर बघा: प्रत्येक कॉलला नवं लॉक बनलं तर कोणी कोणाला अडवतच नाही.

'थ्रेडिंग.लोकल' (प्रत्येक थ्रेडची स्वतंत्र साठवण) वापरत असाल तर थ्रेड पूलमध्ये (पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या थ्रेडच्या संचात) तोच थ्रेड पुढच्या गिऱ्हाइकाला लागतो, आधीच्याची सवलत त्यात तशीच राहते. प्रत्येक बिलाच्या सुरुवातीला ती पुसा.

चाचणी घेताना तपासणी आणि वजाबाकीच्या मध्ये मुद्दाम 'टाइम.स्लीप' घाला आणि 'बॅरियर' (सगळे थ्रेड जमेपर्यंत त्यांना थांबवणारं फाटक) लावून सगळे थ्रेड एकदम सोडा. साध्या चाचणीत ही चूक क्वचितच दिसते. शिल्लक शून्याखाली गेली, की कुठेतरी लॉक सुटलंय हे नक्की.

सर्व्हर एकापेक्षा जास्त प्रोसेस (प्रोग्रॅमच्या स्वतंत्र चालू प्रती) चालवत असेल तर हे लॉक पुरत नाही, कारण प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी असते. तेव्हा शिल्लक डेटाबेसमध्ये ठेवून त्याच्या 'अपडेट' आज्ञेच्या 'व्हेअर'मध्येच शिल्लक शून्यापेक्षा जास्त असल्याची अट घाला आणि किती ओळी बदलल्या ते पाहा. एकही बदलली नसेल, तर काउंटरवर 'माल संपला' दाखवा.