फोन कमी वापरता? मग स्वस्त रिचार्ज असा शोधा

आमच्या घरचे आणि शेजारचे मिळून नऊ नंबर माझ्या ताब्यात आहेत. ताब्यात म्हणजे त्यांचे रिचार्ज मी बघते. आई गिरगावात, मावशी डोंबिवलीत, सासूबाई आणि सासरे वर्षातले सात-आठ महिने सावंतवाडीजवळ गावी, शिवाय आमच्याच मजल्यावरच्या दोन आजी. यांतल्या कुणालाही रोजचा दीड जीबी डेटा लागत नाही. फोन यायला हवा, करता यायला हवा आणि बँकेचा, गॅसचा ओटीपी यायला हवा, एवढीच अपेक्षा. तरी माझ्या हातात येण्याआधी सगळ्यांच्या फोनवर रोज दीड जीबीवाला प्लॅन होता, कारण कुणाच्या तरी भाच्याने "हाच मारा, सगळ्यात भारी" असं सांगितलं होतं. भाच्याला भारी वाटणारा प्लॅन सत्तरीतल्या माणसाला कशाला, हे कुणी विचारलं नाही.

खाली जे दर दिलेत ते त्या-त्या वेळचे आहेत. पैसे भरण्याआधी आजचा दर बघा. हिशेबाची रीत मात्र दर बदलले तरी बदलत नाही.

आधी वापर बघा

सेटिंगमध्ये जाऊन गेल्या महिन्याचा मोबाइल डेटा किती झाला ते पाहा. वायफायचा आकडा यात धरू नका. महिन्याला दोन जीबीच्या आत असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. कॉल मोजत बसायची गरज नाही, प्लॅनमध्ये कॉल अमर्याद असतात.

पोस्टपेडवर असाल तर आधी प्रीपेडवर या. पोस्टपेडच्या जाहिरातीतल्या आकड्यावर वर 18 टक्के जीएसटी लागतो, प्रीपेडच्या किमतीत तो धरलेला असतो. कमी वापरणाऱ्याने पोस्टपेड ठेवण्यात मला काहीही अर्थ दिसत नाही.

किमतीला दिवसांनी भागा

कमी वापरणारा माणूस खरं तर डेटा विकत घेत नसतो, नंबर चालू असलेले दिवस विकत घेत असतो. म्हणून प्लॅनची किंमत भागिले दिवस, एवढाच आकडा काढायचा.

जुलै 2024 मध्ये दर वाढले तेव्हा जिओचा रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा प्लॅन 299 रुपयांचा झाला. वर्षात 28 दिवस तेरा वेळा येतात, बारा वेळा नाही. म्हणजे 3,887 रुपये. त्याच वेळी एअरटेलचा 28 दिवसांचा, एकूण दोन जीबीचा प्लॅन 199 ला गेला. तेरा वेळा मारला तर 2,587.

आता ज्याची खरी गरज आहे तो प्रकार. ट्रायने, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर 2024 मध्ये नियम दुरुस्त करून कंपन्यांना सांगितलं, की फक्त कॉल आणि एसएमएस असलेला, डेटा नसलेला निदान एक प्लॅन ठेवलाच पाहिजे. अशा प्लॅनची मुदतही 90 दिवसांवरून 365 दिवसांपर्यंत वाढवायला परवानगी दिली. त्यानंतर जानेवारी 2025 मध्ये जिओने 84 दिवसांना 448 आणि 336 दिवसांना 1,748, तर एअरटेलने 84 दिवसांना 469 आणि 365 दिवसांना 1,849 असे प्लॅन आणले.

इथे पाटी-पेन्सिल घ्या. 1,748 हा 1,849 पेक्षा 101 रुपयांनी स्वस्त दिसतो. पण 336 दिवस म्हणजे वर्ष नव्हे, 28 चे बारा. वर्ष पुरं व्हायला 29 दिवस कमी पडतात. दिवसाचा दर काढला तर 1,748 चा पडतो 5 रुपये 20 पैसे आणि 1,849 चा 5 रुपये 7 पैसे. महाग दिसणारा स्वस्त निघाला. "वर्षाचा प्लॅन" असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, "दिवस किती?"

दिवसामागे तेरा पैशांसाठी कंपनी मात्र बदलू नका. तुमच्या घरात ज्याची रेंज येते तीच कंपनी चांगली. चाळीच्या आतल्या खोलीत, दार लावून, एक फोन लावून बघा. रस्त्यावर उभं राहून दिसणाऱ्या दांड्यांवर विश्वास ठेवू नका.

व्हॅलिडिटी: इथेच माझं हसं झालं होतं

आईचा प्लॅन संपत आला होता. मी ऑफिसमधून घाईत शंभराचा टॉप-अप मारला, वर एक छोटा डेटा व्हाउचर मारला. पैसे गेले, "रिचार्ज यशस्वी" असा मेसेज आला, मी निश्चिंत. दोन दिवसांनी आईचा फोन बाहेर लागेना. मला वाटलं नेटवर्क गंडलंय. येणारे फोन येत होते, त्यामुळे कुणी फार मनावर घेतलं नाही. आणखी काही दिवसांनी तेही बंद झाले. हे कळलं कधी, तर गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर दारात उभा, कोड मागतोय, आणि आईच्या फोनवर कोड येत नाहीये. तो सिलिंडर घेऊन परत खाली उतरला. आईने मला शेजाऱ्यांच्या फोनवरून विचारलं, "पैसे आहेत म्हणतेस ना त्यात, मग वाजत का नाही?"

तिचा प्रश्न बरोबर होता. ॲपवर बॅलन्स दिसत होता. पण बॅलन्स वेगळा आणि सेवेची मुदत वेगळी, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

रिचार्ज म्हणून आपण ज्याला सरसकट ओळखतो त्यात तीन जाती आहेत. एक, मूळ प्लॅन. यात सेवेची मुदत असते, नंबर यानेच चालू राहतो. दोन, टॉप-अप. यात नुसते पैसे जमा होतात, तेही कापून: दहाचा टॉप-अप मारला तर 7 रुपये 47 पैसे मिळतात. मुदत एका दिवसानेही वाढत नाही. तीन, डेटा व्हाउचर. हा मूळ प्लॅनच्या डोक्यावर बसतो. खालचा प्लॅन संपला की वरचा डेटा असून नसल्यासारखा. मी दोन आणि तीन मारले होते आणि एक मारलाच नव्हता.

पूर्वी दुकानात कागदी व्हाउचर मिळायचं, तेव्हा त्यावर रंगाची पट्टी असायची आणि पट्टीवरून जात कळायची. डिसेंबर 2024 च्या त्याच दुरुस्तीत ती रंगांची सक्ती काढून टाकली, कारण बहुतेक रिचार्ज आता फोनवरूनच होतात. म्हणजे ओळखायचं काम आपल्यावर आलं. प्लॅनच्या तपशिलात "व्हॅलिडिटी" पुढे दिवसांचा आकडा असेल तर ठीक. तिथे "सध्याच्या प्लॅनइतकी" किंवा "उपलब्ध नाही" अशा अर्थाचं काही दिसलं, की तो मूळ प्लॅन नाही. मागे या. छोट्या डेटा व्हाउचरवर तर दिवसांचा आकडाही असतो आणि तो डेटाच्या मुदतीचा असतो, सेवेच्या नाही. त्यात कॉल लिहिलेले नसतात, यावरून तो ओळखा. माझा नियम साधा आहे: दिवस आणि अमर्याद कॉल ही दोन्ही एकत्र दिसल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत.

यालाच जोडून एक फॉरवर्ड. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो दर काही महिन्यांनी उगवतो: "फक्त 20 रुपये ठेवा, सिम चालू राहील." अर्धवट खरं असलेली गोष्ट खोट्यापेक्षा जास्त त्रास देते. ट्रायचा नियम असा, की प्रीपेड नंबर 90 दिवस अजिबात वापरला गेला नाही तरी खात्यात 20 रुपये किंवा जास्त असतील तर कंपनीने तो नंबर काढून घ्यायचा नाही. नंबर तुमच्या नावावर राहतो, एवढाच याचा अर्थ. त्यावर फोन येतील, ओटीपी येतील, असं नियम म्हणत नाही. 20 रुपयांच्या भरवशावर बँकेला जोडलेला नंबर ठेवणाऱ्यांना मी हात जोडते.

एसएमएसचंही बघा. ओटीपी येण्यासाठी एसएमएस पॅक लागत नाही. पण यूपीआयचं ॲप नव्या फोनवर सुरू करताना तुमच्याच सिमवरून एक एसएमएस बाहेर जातो, आणि काही स्वस्त प्लॅनमध्ये बाहेर जाणारे एसएमएस नसतात. तेव्हा मेसेज का जात नाही म्हणून तासभर फोनशी झटापट होते.

प्लॅन दडलेला कुठे असतो

डेटा नसलेला प्लॅन तुम्हाला समोर कुणी वाढून ठेवणार नाही. कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये प्लॅनच्या वरची आडवी पट्टी शेवटपर्यंत सरकवा. "व्हॅल्यू", "व्हॉइस" अशा नावाच्या कप्प्यात तो बहुधा सापडतो. पैसे भरायच्या ॲपमध्ये तर तो चटकन दिसतच नाही, तिथे सरळ रक्कम टाइप करा आणि तपशील वाचा. अशी काही ॲप रिचार्जवर एक-दोन रुपये स्वतःचे लावतात. कंपनीच्या ॲपमधून भरलं तर ते वाचतात. नाक्यावरच्या दुकानात जात असाल तर "सगळ्यात स्वस्त कुठला?" असं विचारू नका, तो 28 दिवसांचा सांगेल. "डेटा नको, फक्त कॉलचा, लांब मुदतीचा" असं म्हणा.

डेटा नसलेला प्लॅन घेतलात तर फोनमधला मोबाइल डेटा बंद करून टाका. घरी वायफाय असेल तर व्हॉट्सॲप त्यावर चालतं. वायफाय नाही आणि नातवाचा व्हिडिओ कॉल रोज हवा, अशी परिस्थिती असेल तर हा प्लॅन घेऊ नका, दोन जीबीवाला घ्या. माझ्या मावशीला मी हट्टाने डेटा नसलेला मारून दिला. पुढचे तीन महिने तिने मला रोज ऐकवलं.

बटणाचा जुना फोन असेल तर आणखी एक अडचण. जिओचं 2जी नाही, त्यामुळे जुन्या 2जी फोनमध्ये ते सिम चालणार नाही.

मुंबई की महाराष्ट्र?

टेलिफोनच्या नकाशावर मुंबई वेगळी आणि महाराष्ट्र-गोवा वेगळा. ठाणे, नवी मुंबई, कल्याण, डोंबिवली मुंबईतच धरतात. या विभागांना सर्कल म्हणतात. रिचार्ज करताना सर्कल विचारलं तर तुम्ही आत्ता कुठे आहात ते सांगायचं नाही, सिम कुठलं आहे ते सांगायचं. सासरे गावी असले तरी त्यांचं सिम दादरला घेतलेलं, म्हणून सर्कल मुंबई. नंबर पूर्वी पोर्ट केलेला असेल, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलली असेल, तर ॲप कधी कधी जुनीच कंपनी दाखवतं, तीही हाताने बदला.

पोर्ट करायचंच असेल तर

रेंज नसेल तरच करा. फोनवरून PORT, एक जागा सोडून दहा आकडी नंबर, असा एसएमएस 1900 ला पाठवा (इंग्रजी मोठ्या अक्षरांत). प्लॅन कुठलाही असला तरी हा एसएमएस गेलाच पाहिजे, असं ट्रायने डिसेंबर 2021 मध्ये कंपन्यांना बजावलंय. येणारा कोड चार दिवस चालतो. तो घेऊन, आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. सध्याच्या कंपनीत 90 दिवस झालेले हवेत आणि गेल्या सात दिवसांत सिम बदललेलं नको. जुन्या खात्यातला बॅलन्स आणि उरलेले दिवस बुडतात, म्हणून वर्षाचा प्लॅन मारल्यावर दुसऱ्या महिन्यात पोर्ट करू नका. आणि पेन्शनच्या किंवा गॅसच्या तारखेला तर नकोच.

पैसे भरल्यावर

मेसेज आला म्हणजे झालं, असं समजू नका. ॲप उघडून प्लॅन संपण्याची तारीख बघा. जुना प्लॅन चालू असताना नवा मारला असेल तर तो रांगेत लागलाय की आजपासूनच सुरू झालाय, हेही तिथेच कळतं. संपायच्या आठ दिवस आधीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. 336 दिवसांवाले पुढच्या वर्षी त्याच तारखेची वाट बघत बसतात आणि महिनाभर आधीच फोन बंद पडतो.

बॅलन्स आपोआप कमी होत असेल तर कुठली तरी कॉलर ट्यून नाहीतर राशिभविष्याची सेवा चिकटलेली असते. 155223 वर फोन करून ती काढा. आजींच्या एका फोनवर क्रिकेटच्या बातम्यांची सेवा सुरू होती. कधीपासून, ते त्यांना आठवत नव्हतं.