अंगणातले जुने झाड उतरवण्याआधी या चुका टाळा

मृगाचा पाऊस जवळ आला की अंगणात मोठे झाड असलेल्या घरांमध्ये एक जुनाच विषय नव्याने निघतो: यंदाच्या वाऱ्यात हे झाड टिकेल का, आणि टिकणार नसेल तर आधीच उतरवून घ्यावे का? 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा एका दुपारीत आंबा, फणस, नारळ आणि सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. ती छायाचित्रे पाहिलेल्या माणसाला आपल्या कौलांवर झुकलेल्या फांदीकडे पूर्वीच्या नजरेने पाहणे अवघड जाते. ही भीती खोटी नाही. तरीही पन्नास-साठ वर्षांच्या झाडाचा निकाल वादळानंतरच्या आठवड्यात लावू नये, तसाच तो केवळ आजोबांच्या आठवणीवरही लावू नये. आमच्या वडिलोपार्जित घरासमोरच्या कडुनिंबाच्या बाबतीत आम्ही पुढे दिलेल्यांपैकी निदान तीन चुका केल्या, म्हणून त्या सविस्तर लिहीत आहे.

पहिली चूक सल्ला कोणाचा घ्यावा याबद्दलची आहे. बहुतेक घरांत झाड दाखवण्यासाठी पहिल्यांदा बोलावले जाते ते लाकूड तोडणाऱ्या ठेकेदाराला किंवा वखारवाल्याला. तो बुंध्याला हात लावतो, मान हलवतो आणि ‘आतून गेलंय’ असे सांगतो. पुष्कळदा तो मजुरीही मागत नाही, कारण लाकूड हीच त्याची मजुरी असते, आणि इथेच सावध व्हायला हवे. ज्याला झाड पडण्यात लाभ आहे त्याच्याकडून ते उभे राहावे असा सल्ला येणे कठीण आहे; त्यात त्याचा अप्रामाणिकपणा असतोच असे नाही, त्याची नजरच घनफुटांची असते. त्याच्याआधी कृषी महाविद्यालयातील वनस्पतीरोगाचे जाणकार, नगरपालिकेच्या उद्यान विभागातील अनुभवी माळी किंवा झाडांची तपासणी करणारा व्यावसायिक यांपैकी कोणाला तरी झाड दाखवावे, आणि तपासणी करणारा व तोडणारा ही दोन वेगळी माणसे असावीत.

दुसरी चूक लक्षणे ओळखण्यातली आहे. शिरीष हिवाळ्यात पाने गाळून वाळलेल्या शेंगा खुळखुळवत उभा राहतो, गुलमोहर फेब्रुवारीपासून उघडाबोडका होतो, कडुनिंबही काही आठवडे विरळ दिसतो. शहरातून सुट्टीला आलेल्या नातेवाइकाला ती झाडे मेलेली वाटतात. संशय आला तर बारीक फांदीची साल नखाने खरवडून पाहावी. आत हिरवा ओला थर दिसला तर ती फांदी जिवंत आहे. चार-पाच वेगवेगळ्या फांद्यांवर हे पाहावे, आणि पालवी फुटण्याचा एक हंगाम जाऊ दिल्याशिवाय झाड मेल्याचा निष्कर्ष काढू नये.

पोकळ बुंध्याबद्दलही असाच गैरसमज आहे. झाडाच्या खोडाचा मधला भाग हा जुना, मृत लाकडाचा गाभा असतो. पाणी आणि अन्न वाहण्याचे काम सालीलगतचे थर करतात. म्हणून ढोलीत पोपट राहत असलेली चिंच वर्षानुवर्षे हिरवीगार राहू शकते. भक्कमपणाचा प्रश्न मात्र वेगळा असतो. झाडांची तपासणी करणारे एक ढोबळ माप वापरतात: पोकळीभोवती उरलेल्या सशक्त लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश असेल, तर निव्वळ पोकळी आहे म्हणून झाड धोकादायक ठरत नाही. हे माप सरसकट लावता येत नाही. पोकळी एका बाजूने उघडी असेल किंवा खोडाला उभी चीर असेल तर हे माप कोलमडते. लाकडी मोगरीने बुंध्यावर ठिकठिकाणी ठोकून आवाजातला फरक ऐकला तर प्राथमिक अंदाज घरच्या माणसालाही येतो. पोकळी सिमेंटने भरून टाकण्याची जुनी पद्धत मात्र सोडून द्यावी, कारण झाड वाऱ्यात हलते आणि सिमेंट हलत नाही. दोहोंच्या मधल्या फटीत पाणी साचते आणि कूज वाढते.

मग खरोखर घाबरावे असे काय असते? बुंध्याच्या तळाशी किंवा वर आलेल्या मुळांवर तपकिरी, कडक, फळीसारखी कवके उगवली असतील, तर मुळांशी आणि बुंध्यात कूज शिरलेली असण्याची शक्यता मोठी असते. झाड पूर्वीपासून कललेले असेल आणि त्याचा शेंडा वळून पुन्हा सरळ वर गेला असेल, तर त्याने आपला तोल सांभाळलेला असतो. कल नवा असेल आणि त्याच्या विरुद्ध बाजूची माती उचलली किंवा भेगाळली असेल, तर त्या झाडाखाली खाट टाकू नये आणि त्याच दिवशी जाणकाराला बोलवावे. दोन जाड फांद्या इंग्रजी व्हीसारख्या अरुंद कोनात फुटून त्यांच्या बेचक्यात साल दबली असेल, तर तो सांधा दिसतो तितका पक्का नसतो. आंब्याच्या बुंध्याशी लाकडाचा ताजा भुसा पडत असेल तर आत खोडकिडा, म्हणजे कोकणातल्या भाषेत भिरूड, लागलेला आहे. वेळीच छिद्रे शोधून उपाय केले तर पुष्कळ आंबे वाचतात. वाळवीचे मातीचे पापुद्रे नुसत्या सालीवर दिसले म्हणून झाड गेले असे समजू नये, कारण ती बहुधा मेलेली सालच खात असते.

आता त्या चुकीकडे येतो जी मला सर्वांत गंभीर वाटते, कारण ती झाडावर प्रेम करणारे लोकच करतात. झाड संकटात आले की आपण वर पाहतो, पण त्याच्या दुखण्याचे मूळ बहुधा आपण पायाशी केलेल्या बांधकामात असते. मोठ्या झाडाची बहुतेक अन्नशोषक मुळे मातीच्या वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरमध्ये असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले, गाडीसाठी काँक्रीट केले, सांडपाण्याच्या वाहिनीसाठी बुंध्यालगत चर खणला, तर त्याचा परिणाम त्याच वर्षी दिसत नाही. तीन-चार किंवा अधिक वर्षांनी शेंड्याकडच्या फांद्या वाळू लागतात आणि तोपर्यंत तो चर सगळे विसरलेले असतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतील झाडांच्या बुंध्यांभोवतीचे काँक्रीट काढून एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला होता. घरच्या झाडासाठी ही किमान मर्यादा समजावी. जमेल तितके अधिक मोकळे ठेवावे.

आमच्या कडुनिंबाला आम्ही मोठ्या हौसेने पार बांधला आणि पार भरावा म्हणून बुंध्याभोवती दोन फूट माती टाकली. खोड जमिनीला मिळते तिथे ते जरा रुंद होत मुळांत उतरते. तो भाग हवेत राहावा लागतो. मातीखाली दडपलेली खोडाची साल कायम ओली राहते, श्वास घेऊ शकत नाही आणि कालांतराने कुजते. पार बांधूच नये असे नाही. तो बुंध्यापासून अंतर सोडून बांधावा आणि आत भराव घालू नये. भराव घातलेला असेल तर झाडाचा निकाल लावण्याआधी तो खुरप्याने अलगद काढून खालची साल पाहावी. आम्ही ती माती काढली तेव्हा पंधरा वर्षे लोटली होती.

‘तोडायला मन होत नाही, निदान अर्धे कापून घेऊ’ ही तडजोड दयाळू वाटते, पण ती बहुधा दोन्ही बाजूंनी नुकसान करते. शेंडा आणि जाड फांद्या मध्येच छाटून झाडाचा खुंट करून ठेवला की झाड घाबऱ्याघुबऱ्या धुमारे फोडते. हे धुमारे सालीलगत चिकटलेले असतात, पाहता पाहता जाड होतात आणि काही वर्षांनी वाऱ्यात सहज निखळतात. मोठ्या जखमा भरून येत नाहीत. अमेरिकेच्या वनसेवेतील ॲलेक्स शिगो यांनी असंख्य खोडे उभी चिरून दाखवून दिले होते की झाड जखम बरी करत नाही, ते तिच्याभोवती भिंती घालून तिला वेगळे काढते. जखम जितकी मोठी तितकी ही भिंत कच्ची. योग्य छाटणीत फांदी तिच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून कापतात, आधी खालून खाच देतात म्हणजे कोसळताना साल सोलत जात नाही, आणि एका वर्षात हिरव्या पानोऱ्याचा चौथा हिस्सा ही कमाल मर्यादा मानतात. झोपाळ्याची साखळी फांदीत रुतली असेल तर ती ओढून काढण्याचा हट्ट धरू नये. दोन्ही बाजूंचा मोकळा भाग कापावा, आतला राहू द्यावा आणि झोपाळा दुसरीकडे टांगावा.

भिंतीच्या भेगांचे खापर मुळांवर फोडण्याची घाई विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत विशेष होते. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, झाड असो वा नसो. झाड उन्हाळ्यात ओल ओढून घेऊन हे आक्रसणे वाढवते, हे खरे आहे. परंतु जुने झाड एकदम काढले की वर्षानुवर्षे कोरडी राहिलेली माती हळूहळू ओल धरून फुगते आणि पाया वर उचलला जाऊ शकतो, म्हणजे भेगा थांबण्याऐवजी नव्या पडतात. त्यामुळे अशा घरात आधी स्थापत्य अभियंत्याला भेगा दाखवाव्यात, त्यांवर खूण करून एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्या कशा हलतात ते नोंदवावे, पन्हळी आणि सांडपाण्याची गळती दुरुस्त करावी.

आतापर्यंत झाडाची बाजू घेतली, आता उलट बाजूची चूक. ‘आमच्या आजोबांनी लावले आहे, ते आमच्यावर पडणार नाही’ या वाक्याचा मुळांच्या कुजीशी काहीही संबंध नसतो. धोका मोजताना झाड पडेल का, एवढेच विचारून भागत नाही. ते पडले तर कशावर पडेल आणि तिथे माणसे किती वेळ असतात, हेही विचारावे लागते. शेताच्या बांधावरची किडकी बाभूळ धोकादायक नसते, पण मुलांच्या खोलीवर झुकलेली त्याहून बरी फांदीही धोकादायक असते. पुष्कळदा झाड हलवता येत नसले तरी पडण्याची जागा मोकळी करता येते: मुलांची खोली बदलता येते, गाडी दुसरीकडे लावता येते, पाऊस-वाऱ्याच्या दिवसांत पारावर बसणे बंद करता येते. हे काहीच शक्य नसेल आणि तळाशी कूज निश्चित झाली असेल, तर झाड उतरवावे, आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. गुलमोहर आणि सोनमोहर यांसारख्या ठिसूळ लाकडाच्या झाडांबाबत मी हा निर्णय चिंचेपेक्षा लवकर घेईन.

परवानगीच्या बाबतीत ‘झाड माझे, जागा माझी’ हा समज महागात पडतो. शहरांत महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू होतो आणि त्यात झाड जाळणे किंवा त्याला इजा करणे हेदेखील तोडण्यातच धरले जाते. म्हणून मुळांशी ॲसिड ओतणे किंवा साल गोल सोलणे या ‘युक्त्या’ गुन्हाच ठरतात. 2021 च्या दुरुस्तीनुसार पन्नास किंवा अधिक वर्षांचे झाड हेरिटेज वृक्ष मानले जाते आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची तरतूद आहे. तेव्हा अर्जात अभिमानाने ‘शंभर वर्षांचे झाड’ असे लिहिण्याआधी वयाचा विचार नीट करावा. ग्रामीण भागात 1964 चा वृक्षतोड विनियमन कायदा असून त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ आणि साग आहेत. गोव्यात 1984 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. झाडाची छायाचित्रे आणि तपासणीचा लेखी अहवाल अर्जासोबत द्यावा. घरट्यांत अंडी किंवा पिल्ले असतील आणि धोका तातडीचा नसेल, तर पिल्ले उडेपर्यंत थांबावे. वसाहत करणारे बगळे पावसाळ्यात वीण करतात, त्यामुळे झाडे उतरवण्याचा आणि घरटी भरण्याचा काळ बहुधा एकच येतो.

शेवटची चूक सर्वांत लहान आहे आणि तीच आम्हाला अजून सलते. झाड उतरवण्याचे ठरले की त्याची संतती आधी राखून ठेवावी. आंब्याचे बी लावून त्याच चवीचे फळ मिळेलच असे नसते. त्यासाठी जिवंत झाडाच्या काड्या घेऊन पाचर कलम किंवा कोय कलम करावे लागते, आणि झाड आडवे होऊन पाने सुकली की त्या काड्या निरुपयोगी होतात. म्हणून रोपवाटिकेतील कलम बांधणाऱ्याला ठेकेदाराच्या आधी बोलवावे. कडुनिंबाचे बी ताजेच रुजते, काही आठवड्यांत त्याची उगवण झपाट्याने घटते, आणि निंबोळ्या पिकतात त्या जून-जुलैत. आमच्या निंबाच्या बुंध्यावर कवक आले होते, पावसाआधी तो काढणे भाग होते, म्हणून तो मे महिन्यात उतरवला. त्याच्या फांद्यांवरच्या निंबोळ्या तेव्हा हिरव्याच होत्या, आणि आदल्या वर्षीच्या पिकलेल्या निंबोळ्या आम्ही रोज सकाळी झाडून उकिरड्यावर टाकल्या होत्या.