हलकी हॉप्सवाली बिअर पाणचट लागत होती, शेवटी जमली

मी मँचेस्टरला घरी बिअर करतो. इथे घरापुरती करायला परवाना लागत नाही. कमी अल्कोहोलची पेल एल (फिकट रंगाची बिअर) दर वेळी पाणचट निघायची आणि कडवटपणा मात्र जिभेला चिकटून राहायचा. क्रिस्टल माल्ट (मोड आणून भाजलेले गोडसर बार्लीचे दाणे) वाढवला, तर नुसती गोड झाली. हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) वाढवले, तर घसा खवखवला. चौथी खेप मोरीत ओतताना जीव तुटला.

मग थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरला. १०३! म्हणजे ६७ अंश समजून मी ६४ वर मॅश करत होतो, म्हणजे भरडलेला माल्ट गरम पाण्यात भिजवत होतो. तेवढ्यावर निघणारी साखर यीस्ट जवळजवळ सगळी फस्त करतं, बिअरच्या अंगाला, म्हणजे दाटपणाला, काही उरतच नाही.

नवा थर्मामीटर घेतला. २० लिटरला मॅरिस ऑटर माल्ट २.४ किलो, म्युनिक माल्ट ३०० ग्रॅम, ओट्स ५०० ग्रॅम. मॅश ७० अंशांवर, ४५ मिनिटं. निघालेलं गोड पाणी, म्हणजे वर्ट, तासभर उकळायचं, त्यात हॉप्स अगदी थोडे. गॅस बंद करून वर्ट ७८ अंशांवर आलं की सिट्रा जातीचे हॉप्स ६० ग्रॅम, २० मिनिटं. मग १९ अंशांपर्यंत गार करून विंडसर यीस्ट; ते माल्टोट्रायोज ही साखर खात नाही, म्हणून दाटपणा टिकतो. सुरुवातीची घनता १.०३४, शेवटची १.०१४, म्हणजे साधारण २.६ टक्के अल्कोहोल. आंबणं थांबल्यावर आणखी ८० ग्रॅम सिट्रा, तीनच दिवस. जास्त ठेवलं तर गवताची चव उतरते.