जीआरईच्या तयारीसाठी अभ्याससाहित्य कसे निवडावे

पदव्युत्तर प्रवेशासाठी जीआरई देणाऱ्याने पुस्तक हाती घेताच प्रथम त्याचे प्रकाशनवर्ष पाहावे. सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा १ तास ५८ मिनिटांची झाली, दोनपैकी एक निबंध वगळला गेला आणि शाब्दिक व गणिती विभागांत प्रत्येकी २७ प्रश्न उरले. त्यामुळे जुन्या पुस्तकांतील प्रश्न सरावाला चालत असले, तरी त्यांतील पूर्ण लांबीच्या चाचण्या वेळेचा चुकीचा अंदाज देतात.

आरंभ ईटीएस या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्याच साहित्यापासून करावा. तिच्या पॉवरप्रेपच्या दोन ऑनलाइन चाचण्या विनामूल्य मिळतात. एक सुरुवातीलाच घड्याळ लावून सोडवावी, दुसरी शेवटच्या आठवड्यांसाठी राखावी. शाब्दिक व गणिती विभागांचे प्रत्येकी दोन भाग असून पहिल्या भागातील कामगिरीनुसार दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते, हा अनुभव छापील पुस्तक देऊ शकत नाही.

खासगी प्रकाशकांचे साहित्य गणिताच्या सरावासाठी बहुधा पुरेसे ठरते. शाब्दिक प्रश्नांत मात्र सावध राहावे, कारण मोहात पाडणारा, तरीही निःसंशय चुकीचा पर्याय रचणे फार अवघड असते. म्हणून विकत घेण्यापूर्वी चार-पाच उत्तरांची स्पष्टीकरणे वाचावीत. चुकीचे पर्याय का चुकले हे ज्यात सांगितलेले नाही, ते पुस्तक कितीही जाडजूड असले तरी बाजूला ठेवावे.

शब्दसूची एकच पुरे. विरुद्धार्थी शब्दांचे स्वतंत्र प्रश्न २०११ मध्येच बंद झाले असल्याने, वाक्यांतील उपयोग दाखवणारी सूची निवडावी.