सिक्युरिटी डेटाबेसला हात लावण्याआधीची तयारी

डोमेन कंट्रोलर म्हणजे ऑफिसभरची लॉगिन तपासणारा विंडोज सर्व्हर. त्याच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये एससीईसीएलआयची (सिक्युरिटी पॉलिसी लावणारा विंडोजचा भाग) १२०२ नंबरची पिवळी वॉर्निंग दर पाच मिनिटांनी पडायला लागली की हात शिवशिवतात. सिक्युरिटी डेटाबेसची, म्हणजे सिक्युरिटी पॉलिसीची सेटिंग जिथे नोंदलेली असतात त्या फाइलीची, रिपेअर कमांड पाठ असते आणि काम दोन मिनिटांचं वाटतं. त्या दोन मिनिटांआधी निदान दोन तास तयारीला द्या, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. साधा पीसी बिघडला तर एकाचं काम अडतं, पण हे मशीन बिघडलं तर सकाळी साडेनऊला सगळ्या ऑफिसचं लॉगिन अडतं.

आधी ती वॉर्निंग उघडा आणि आतला एरर कोड वाचा. ०एक्स५३४ असेल तर डेटाबेस बहुतेक धडधाकट आहे. पॉलिसीत कुणाचं तरी नाव लिहिलेलं आहे आणि ते अकाउंट आता डोमेनमध्ये सापडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. एका कारखान्यात मी हेच पाहिलं. जुन्या बॅकअप सॉफ्टवेअरचं अकाउंट कुणीतरी डिलीट केलं होतं, पण ‘लॉग ऑन ॲज अ सर्व्हिस’च्या यादीत ते तसंच राहिलं होतं. सोबतचा मुलगा रिपेअरची कमांड टाइप करून एंटरवर बोट ठेवून बसला होता. विंडोज फोल्डरमधल्या सिक्युरिटीच्या आत लॉग्ज आहे, त्यातली विनलॉगऑन डॉट लॉग उघडली, ‘कॅनॉट फाइंड’ शोधलं, आणि नाव समोर आलं. पॉलिसीतून ते काढलं आणि वॉर्निंग थांबली. दुरुस्ती करायची होती ती यादीची, डेटाबेसची नव्हे. कोड ०एक्स४बी८ असेल तर मात्र संशय खरा असू शकतो, पण एवढ्यावर निकाल देऊ नका. त्याच वेळेला ईएसईएनटी (विंडोजचं डेटाबेस इंजिन) या सोर्सचे ४१२, ४५४ किंवा ४७४ हे इव्हेंट आहेत का बघा. ४७४ म्हणजे डेटाबेसच्या पानाचा चेकसम, म्हणजे मजकूर शाबूत आहे का हे ताडायचा आकडा, जुळत नाही. तिथे सिस्टम लॉगही उघडा, कारण डिस्कचा ७ किंवा एनटीएफएसचा ५५ दिसला तर मूळ दुखणं डिस्कचं असण्याची शक्यता मोठी. सडलेल्या डिस्कवर फाइल दुरुस्त करण्यात अर्थ नाही.

आता कुठली फाइल, हे कागदावर लिहून ठेवा. मी लिहायला सांगतो ते उगाच नाही. सेकएडिट डॉट एसडीबी आणि एनटीडीएस डॉट डीआयटी या दोन्ही फाइली एकाच जातीच्या इंजिनवर चालतात आणि दोन्हींवर एसेंटयूटीएल ही एकच दुरुस्तीची कमांड चालते. पहिलीत सिक्युरिटी पॉलिसीच्या सेटिंगची नोंद असते. दुसरीत अख्खी ॲक्टिव्ह डिरेक्टरी असते, म्हणजे युजर, पासवर्डचे हॅश, ग्रुप, सगळं. रात्री बाराला दमलेल्या डोळ्यांनी पाथ चुकला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. एनटीडीएस खराब असेल आणि दुसरा डोमेन कंट्रोलर ठणठणीत असेल, तर रिपेअरच्या नादी लागू नका. खराब मशीन डोमेनमधून काढा, त्याच्या मागे उरलेल्या नोंदी (मेटाडेटा) साफ करा आणि ते नव्याने प्रमोट करा, म्हणजे पुन्हा डोमेन कंट्रोलर बनवा.

बॅकअप म्हणजे सिस्टम स्टेट, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरी, रजिस्ट्री वगैरे विंडोजचा गाभा. डब्ल्यूबीॲडमिन या बॅकअपच्या कमांडने तो दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या आणि पूर्ण झाल्याचा मेसेज स्वतः वाचा. जुन्या बॅकअपवर भिस्त असेल तर त्याची तारीख बघा. टूम्बस्टोनची, म्हणजे डिलीट झालेल्या नोंदीची खूण ठेवायची, मुदत बहुतेक ठिकाणी १८० दिवस असते, फार जुन्या फॉरेस्टमध्ये (डोमेनच्या समूहात) ६०. त्यापलीकडचा बॅकअप कामाचा नाही. व्हर्च्युअल मशीन असेल तर ‘स्नॅपशॉट घेतलाय की’ एवढ्यावर समाधान मानू नका. मशीन स्नॅपशॉटवर मागे गेलं हे ओळखणारी जनरेशन आयडीची सोय सर्व्हर २०१२ पासून आली, तीही हायपरव्हायजरला (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) कळत असेल तरच. ती नसताना स्नॅपशॉटवर परत गेलात तर यूएसएन रोलबॅक होतो, म्हणजे बदलांचे क्रमांक मागे जातात, आणि रेप्लिकेशनचा (कंट्रोलरांमधल्या देवाणघेवाणीचा) गुंता कितीतरी दिवस सुटत नाही. या बॅकअपखेरीज जीपीओंचा (ग्रुप पॉलिसींचा) वेगळा बॅकअप घ्या. विंडोजमधला सिक्युरिटी फोल्डर डेटाबेस, लॉग, चेकपॉइंट सगळ्यासकट दुसरीकडे कॉपी करून ठेवा. जीपीओतून आलेली सेटिंग सिसव्हॉल या कंट्रोलरवरच्या शेअर फोल्डरमधून परत येतात. पण पॉलिसी काढल्यावर कुठल्या मूळ सेटिंगवर परतायचं, ही नोंद सेकएडिट डॉट एसडीबीतच असते. ती गेली तर गेली.

डीएसआरएमचा, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरी बंद ठेवून सर्व्हर चालू करायच्या मोडचा, पासवर्ड आजच तपासा. तो डोमेन ॲडमिनचा पासवर्ड नसतो, सर्व्हर प्रमोट करताना कुणीतरी दिलेला असतो आणि बहुतेक ठिकाणी तो कुणालाच आठवत नाही. एनटीडीएसयूटिल या कमांडने नवा द्या, कागदावर लिहा, पाकिटात घालून अकाउंट्सच्या तिजोरीत ठेवायला सांगा. पाकिटावर सर्व्हरचं नाव आणि तारीख हवी.

दुसरा कंट्रोलर असेल तर रेपॲडमिनचं रेप्लसमरी चालवून एकही फेल नाही ना बघा, ॲक्टिव्ह डिरेक्टरीची पाचही खास कामं (रोल) कुठल्या कंट्रोलरकडे आहेत ते नेटडॉमने बघा, क्लायंटना दुसरा डीएनएस दिलेला आहे ना तेही बघा. एकच कंट्रोलर असेल तर बॅकअप वेगळ्या मशीनवर उभा करून दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. रात्रपाळीला आणि गेटवरच्या पंचिंग मशीनवाल्यालाही वेळ कळवा.

मग कामाला लागा. एसेंटयूटीएलला आधी स्लॅश जी द्या, ते फक्त तपासतं. मग स्लॅश आर, ते लॉगमधून उरलेले व्यवहार पूर्ण करतं. एवढ्यावर भागलं नाही तरच स्लॅश पी. हे खराब पानं टाकून देतं, म्हणजे नुकसान गृहीत धरूनच चालतं. स्लॅश पीनंतर जुने लॉग त्या फाइलीशी जुळत नाहीत, म्हणून ते पुसू नका, बाजूला हलवा. पॉलिसी दर पाच मिनिटांनी येते आणि फाइल मध्येच धरून ठेवते. तसं झालं तर डीएसआरएममध्ये बूट करून शांतपणे करा. मेंबर सर्व्हरचं डिफॉल्ट टेम्पलेट डोमेन कंट्रोलरवर कधीही लावू नका. डीसीजीपीओफिक्सही नको, ते दोन्ही डिफॉल्ट पॉलिसी मुळावर नेऊन ठेवतं आणि तुम्ही केलेले बदल त्यात जातात.

झाल्यावर जीपीअपडेट स्लॅश फोर्स द्या आणि १७०४ नंबरचा इव्हेंट येईपर्यंत खुर्ची सोडू नका. पॉलिसी नीट लागली, हे तो सांगतो. अँटिव्हायरसमधून सिक्युरिटीतल्या डेटाबेस फोल्डरच्या एसडीबी, ईडीबी, लॉग आणि चेकपॉइंट फाइली वगळलेल्या आहेत का हेही त्याच बैठकीत बघून घ्या, नाहीतर आठवड्याने पुन्हा हेच. सिक्युरिटी सेटिंग काही बदल नसला तरी दर १६ तासांनी नव्याने लागतात. तो फेरा एकदा होऊन जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी लॉग परत उघडा, आणि तोवर बाजूला ठेवलेला जुना फोल्डर पुसू नका.